जपानी वेशभूषा-बाहुल्या : ओळख व कालनिश्चिती

जपानमध्ये बाहुलीला 'निंग्यो' म्हणतात. त्यांपैकी रेशमी पोशाखातील बाहुल्यांचा प्रकार ओळखताना आणि त्यांचा काळ ठरवताना सर्वांत जास्त फसगत पोशाखामुळेच होते. ३ मार्चच्या हिनामात्सुरी सणात मांडल्या जाणाऱ्या सम्राज्ञीच्या अंगावर हेइआन काळातील (७९४–११८५) दरबारी वस्त्रांचे अनुकरण असते, मग ती बाहुली १८३० ची असो की १९७० ची. बाहुली कोणाची हे पोशाखावरून कळते. ती केव्हाची हे मात्र चेहरा, धागा आणि अंगातला भराव पाहून ठरवावे लागते.

व्यक्तिरेखा ओळखताना आधी हात पाहावेत. हातातल्या वस्तू पहिल्यांदा हरवतात, पण बोटांची ठेवण कायम राहते. खांद्यावर फांदी पेलण्याच्या पवित्र्यातली, काळी रुंद टोपी असलेली तरुणी बहुधा काबुकी या पारंपरिक नाट्यप्रकारातल्या नृत्यातली 'फुजी मुसुमे', म्हणजे विस्टेरियाच्या फुलांची फांदी घेतलेली तरुणी, असते. खांद्यावर दोन बादल्यांची कावड असेल तर ती 'शिओकुमी', म्हणजे समुद्राचे खारे पाणी भरणारी. कमरेचा रुंद पट्टा (ओबी) पुढे बांधलेला असेल तर ती उच्च दर्जाची गणिका, पाठीवर लांब लोंबत असेल तर क्योतोची शिकाऊ नर्तकी. चिलखत घातलेले योद्धे ५ मेच्या मुलग्यांच्या सणाचे. इचिमात्सु बाहुली म्हणजे किमोनोतले मूल. अठराव्या शतकातील काबुकी नट सानोगावा इचिमात्सु याच्यावरून हे नाव पडले. मुली तिचे कपडे बदलून खेळत, त्यामुळे तिचा आजचा किमोनो काळाचा पुरावा म्हणून जवळजवळ निरुपयोगी.

हिना, म्हणजे हिनामात्सुरीत मांडायच्या, बाहुल्यांच्या शैलींना ठरलेली नावे आहेत; त्यांतले 'बिना' म्हणजे हिनाच. लांबट, मुखवट्यासारख्या चेहऱ्याची व फुगीर पायघोळाची क्योहो-बिना. गोल चेहरा आणि रेघेएवढ्या डोळ्यांची जिरोझाएमोन-बिना. एदोतील (आजचे टोकियो) हारा शुगेत्सु या कारागिराशी जोडली जाणारी, अधिक जिवंत चेहऱ्याची कोकिन-बिना. क्योहो काळातच (१७१६–१७३६), १७२१ मध्ये, शोगुनच्या (लष्करी शासकाच्या) सरकारने हिना बाहुल्यांची उंची ८ सुन (सुमारे २४ सेंमी.) इतकी मर्यादित केली होती. तरीही क्योहो-बिना म्हणवणाऱ्या कितीतरी बाहुल्या त्याहून बऱ्याच उंच आहेत, आणि त्यांतल्या अनेक एकोणिसाव्या शतकातल्या आहेत. विक्रेत्याने शैलीचे नाव सांगितले म्हणजे सन सांगितला असे धरू नये.

जुन्या चेहऱ्यावरचा पांढरा लेप 'गोफुन' म्हणजे कालवांच्या शिंपल्यांची पूड सरसात कालवून चढवलेले थर. आत कोरलेले लाकूड, किंवा किरी (पॉलोनिया) लाकडाचा भुसा खळीत मळून केलेला लगदा. भिंगाखाली पाहिले तर जुन्या गोफुनला सायीसारखी मऊ झळाळी आणि कानामागे, मानेच्या सांध्यापाशी बारीक तडे दिसतात. पापण्यांचे व भुवयांचे केस ब्रशच्या एकेका फटकाऱ्याने काढलेले असतात. डोळे आधी रंगवलेले असत; काचेचे डोळे बसवणे एकोणिसाव्या शतकात रूढ झाले. साच्यातले प्लास्टरचे डोके, आणि त्याहून प्लास्टिकचे, बाहुलीला बरेच अलीकडे आणते. चेहरा ओल्या फडक्याने कधीही पुसू नये. सरस पाण्यात विरघळतो आणि चेहऱ्याबरोबर पुरावाही जातो.

कापडाचे संकेत अधिक ठाम. कृत्रिम रंगांचा भडक जांभळा किंवा किरमिजी दिसला तर बाहुली एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापूर्वीची नाही. जुनी कलाबतू म्हणजे कागदावर सोन्याचा वर्ख चढवून, त्याच्या पट्ट्या रेशमी दोऱ्यावर गुंडाळलेल्या; चकचकीत प्लास्टिकची जर आणि नायलॉनचे केस दुसऱ्या महायुद्धानंतरचे. अतिनील दिव्याखाली कापड निळसर-पांढरे चमकले तर त्यात उजाळा देणारे आधुनिक रसायन आहे. 'ऑक्युपाइड जपान' अशी खूण दोस्त राष्ट्रांच्या ताब्याच्या काळातल्या, म्हणजे १९५२ पर्यंतच्या, निर्यात मालावर आढळते. जपानबाहेरच्या घरांतून, काचपेट्यांतून दिसणाऱ्या बहुतेक नर्तकी याच काळातल्या वा त्यानंतरच्या पर्यटकी मालापैकी आहेत. 'शंभर वर्षांची' ही घरगुती ख्याती सहसा टिकत नाही.

नियम एकच : मूळच्या भागांतला सर्वांत नवा भाग ज्या काळचा, त्याआधीची बाहुली असू शकत नाही. मात्र भाग मूळचा आहे की दुरुस्तीत आला, हे टाके व खिळे पाहून आधी ठरवावे लागते.

पेटीवरचा मजकूर उपयोगी पडतो. आडवा मजकूर उजवीकडून डावीकडे आणि अक्षरे जुन्या वळणाची असतील, तर पेटी बहुधा महायुद्धापूर्वीची. पण पेटी म्हणजे बाहुली नव्हे. १९२७ मध्ये जपानने अमेरिकेला ५८ मैत्री-बाहुल्या पाठवल्या. प्रत्येकीला नाव, स्वतःची बैठक आणि सरंजाम होता. दौऱ्यात त्यांची अदलाबदल झाली, आणि आज संग्रहालयांत त्यांतल्या काही दुसरीच्याच नावाच्या पाटीमागे उभ्या आहेत.