चोलोल : कॉफीच्या बागा आणि जंगलाची हद्द

इंडोनेशियातील फ्लोरेस बेटाच्या पश्चिम भागातील मांगाराई प्रदेशात, रुतेंगच्या पूर्वेकडील डोंगररांगांमध्ये चोलोल हे कॉफी पिकवणाऱ्यांचे गाव आहे. कोमोडोच्या सरड्यांसाठी लाबुआन बाजो बंदरावर उतरणारे बहुतेक पर्यटक इतक्या आत येत नाहीत. गावाचे नाव बाहेर पोहोचते ते कॉफीमुळे, आणि 2004 साली घडलेल्या गोळीबारामुळे. या दोन्ही गोष्टींचे मूळ जवळपास एकाच काळात, 1937 च्या सुमारास सापडते.

त्यापूर्वीचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. मांगाराईवर आधी सुलावेसी बेटावरील मकासरच्या गोवा राज्याचा (भारतातील गोवा नव्हे) व पुढे सुंबावा बेटावरील बिमाच्या सुलतानाचा अधिकार होता, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात डच सैन्याने हा मुलूख प्रत्यक्ष ताब्यात घेतला. मागोमाग मिशनरी आले, डोईपट्टी आली आणि सक्तीच्या मजुरीवर रस्ते झाले. डोंगरातल्या कुटुंबाला कर रोखीने भरावा लागू लागला तेव्हा विकण्याजोगे पीक लागले, आणि ती गरज कॉफीने भागवली.

जमिनीची जुनी व्यवस्था मात्र कॉफीसाठी तयार झालेली नव्हती. मांगाराई गावाचे केंद्र म्हणजे ढोल व घंटा ठेवलेले मूळ कुळाचे घर, गेंडांग. त्या घराच्या नावाने असलेली शेतजमीन म्हणजे लिंको. चोलोल परिसरात चोलोल, बितिंग, वेलू आणि तांकुल अशी चार गेंडांग आहेत. लिंको नव्याने फोडताना मधोमध एक खुंट रोवला जाई आणि तेथून बाहेरच्या कडेपर्यंत, बैलगाडीच्या चाकातील आऱ्यांप्रमाणे, पाचरीसारखे वाटे आखले जात. वाट्याची रुंदी मध्यावर बोटांनी मोजली जाई, आणि ती मोजणी करण्याचा अधिकार तुआ तेनो या जमीनप्रमुखाचा असे. वाटा मुलांकडे जाई. लग्न होऊन गेलेल्या मुलीचा हक्क सासरच्या जमिनीत धरला जाई. बाहेरून आलेल्या माणसालाही कोंबडा व ताडी घेऊन रीतसर मागणी केल्यास कसण्यासाठी जमीन मिळू शके. मालकी कुळाची आणि कसणूक कुटुंबाची, अशी ही विभागणी भात व मका यांसारख्या हंगामी पिकांना सोयीची होती. कॉफीचे झाड कित्येक वर्षे उभे राहते. ज्याने झाड लावले त्याचा वाटा त्यामुळे व्यवहारात कायमचा होऊन बसला आणि पडीक ठेवून पुन्हा फिरून कसण्याची मोकळीक संपली. वसाहतकाळानंतरच्या अनेक अहवालांत या बदलाकडे दुर्लक्ष झालेले दिसते. प्रस्तुत लेखकाच्या मते पुढच्या साऱ्या वादाची किल्ली तेथेच आहे.

1937 मध्ये वसाहती प्रशासनाने मांगाराईत कॉफीबागांची स्पर्धा घेतली आणि चोलोलच्या एका शेतकऱ्याला मानाचे निशाण दिले. ते निशाण कुटुंबाने जपून ठेवले आहे. त्याच सुमारास त्याच प्रशासनाने डोंगरमाथ्यांवरील जंगलाची हद्द आखून दगडी खांब रोवले आणि आतील भाग राखीव केला. एकीकडे लागवडीला बक्षीस आणि दुसरीकडे लागवडीच्या वरच्या अंगाला बंदी, अशी ही दोन धोरणे हद्दरेषा नेमकी कोठून जाते हे सर्वांना मान्य असेपर्यंत शेजारी नांदू शकत होती. गावकऱ्यांचे म्हणणे असे की, डच खांबांनी त्यांच्या लिंको बाहेर ठेवल्या होत्या आणि स्वातंत्र्यानंतरच्या फेरआखणीत रेषा खाली सरकली. वनप्रशासनाचे म्हणणे असे की, बागाच रेषा ओलांडून वर चढल्या. 1993 मध्ये या जंगलाच्या मोठ्या भागाला निसर्ग पर्यटन उद्यानाचा दर्जा मिळाल्यावर तडजोडीची जागा आणखी आक्रसली.

2003 मध्ये तत्कालीन जिल्हा प्रशासनाने घेतलेला निर्णय या पार्श्वभूमीवर वाचावा लागतो. झरे व खालच्या खोऱ्यांतील शेती वाचवण्यासाठी जंगल मोकळे करणे आवश्यक आहे, असे कारण देण्यात आले आणि अधिकारी, पोलीस व मजुरांच्या पथकांनी वादग्रस्त पट्ट्यातील कॉफी तोडून टाकली. पाण्याचा मुद्दा पोकळ नव्हता. परंतु सावलीच्या झाडांखाली वाढलेली, पिढ्यान्‌पिढ्यांची कॉफी तोडल्याने झऱ्यांचे रक्षण कसे होते, याचे पटणारे उत्तर प्रशासनाने दिलेले दिसत नाही. आणि कोणती हद्द खरी हा प्रश्न निकाली निघण्याआधीच कुऱ्हाड चालली. मार्च 2004 मध्ये काही शेतकऱ्यांना अटक झाली. 10 मार्च रोजी चोलोल परिसरातील शेकडो लोक ट्रकमधून रुतेंगच्या पोलीस मुख्यालयावर गेले. तेथे गोळीबार झाला, त्यात सहा जण मृत्युमुखी पडले व अनेक जखमी झाले. मांगाराईत तो दिवस आजही ‘रक्तरंजित बुधवार’ म्हणून ओळखला जातो.

2007 मध्ये जिल्ह्याचे विभाजन होऊन चोलोल पूर्व मांगाराईत गेले. जिल्ह्याचे मुख्यालय दक्षिण किनाऱ्यावरील बोरोंग येथे झाले, त्यामुळे कागदपत्रांसाठीचा प्रवास बदलला, जरी जुन्या शहराशी, म्हणजे रुतेंगशी, असलेला संबंध तुटला नाही. डोंगरातील प्रवासाचे मुख्य साधन म्हणजे ओतो कोल, अर्थात मागे लाकडी बाके बसवलेला ट्रक, ज्यात माणसे, कॉफीची पोती आणि डुकरे एकत्र जातात. लाबुआन बाजोहून रुतेंगपर्यंतचा सुमारे 130 किलोमीटरचा वळणावळणाचा रस्ता पार करण्यास चार तास सहज लागतात. 2023 च्या मे महिन्यात आग्नेय आशियाई राष्ट्रांची शिखर परिषद लाबुआन बाजोत भरली आणि किनाऱ्यावरील जमिनीची चर्चा देशभर झाली. चोलोलचा जमिनीचा प्रश्न मात्र वनहद्दीचाच राहिला.

कायद्याच्या बाजूने मोठा बदल इंडोनेशियाच्या संविधान न्यायालयाच्या 16 मे 2013 च्या निकालाने झाला. 1999 च्या वनकायद्यात परंपरागत समूहांच्या क्षेत्रातील जंगलाची व्याख्या ‘सरकारी जंगल’ अशी होती. निकालाने त्यातील ‘सरकारी’ हा शब्द काढून टाकला. मात्र अशा जंगलावर हक्क सांगण्यासाठी तो समूह परंपरागत समूह असल्याची मान्यता आधी स्थानिक नियमावलीद्वारे मिळावी लागते. मालकीच्या नोंदीचेही असेच आहे. 1960 च्या जमीन कायद्यानुसार पूर्ण मालकी केवळ इंडोनेशियाच्या नागरिकाला मिळते आणि गेल्या काही वर्षांत सरकारने गावोगावी मालकीपत्रे देण्याची मोहीम चालवली आहे, पण ज्या तुकड्याची नोंद वनक्षेत्रात आहे त्याला ते पत्र मिळत नाही. त्यामुळे एकाच कुटुंबाच्या बागेचा खालचा भाग कागदावर त्याचा आणि वरचा भाग सरकारचा, अशी स्थिती उद्भवू शकते. 2018 मध्ये मांगाराईच्या अरेबिका कॉफीला भौगोलिक मानांकन मिळाले. त्या नोंदीने कॉफीचे मूळ ठिकाण ठरते, झाडाखालच्या जमिनीची मालकी ठरत नाही.