छोटी इलेक्ट्रिक गाडी, पणजीचे चढ आणि एसीचं गणित

पणजीत १८ जून रस्त्याला सकाळी दहानंतर पार्किंगसाठी गोल गोल फिरणाऱ्या गाड्यांमध्ये जरा डोकावून बघा, निम्म्याहून जास्त गाड्यांत एकटा ड्रायव्हर. ७० किलोचा माणूस बँकेत जाऊन यायला हजार-बाराशे किलोचं लोखंड बरोबर घेऊन निघतो आणि मग ते लोखंड ठेवायला जागा नाही म्हणून सरकारला शिव्या घालतो. स्कूटर हा सरळ उपाय आहे आणि गोंयकारांनी तो कधीच निवडलाय, पण जुलैच्या पावसात रेनकोट घालून पर्वरीचा चढ चढणं पासष्टीच्या माणसाला किती दिवस जमणार? तर स्कूटर आणि कार यांच्या मधली एक जात आहे, क्वाड्रिसायकल. चार चाकं, वर छप्पर, दोन सीट आणि बॅटरी. आपल्याकडे नाव फारसं कोणी घेत नाही पण युरोपात ही वेगळी कॅटेगरी आहे, तिचे वेगळे नियम आहेत.

तिथे दोन वर्ग आहेत. हलक्या वर्गात बॅटरी सोडून वजन ४२५ किलोच्या आत आणि स्पीड जास्तीत जास्त ताशी ४५ किमी, जड वर्गात माणसं नेणारी गाडी बॅटरी सोडून ४५० किलोच्या आत आणि मोटर १५ किलोवॅटपर्यंत, यातल्या काही ताशी ९० पर्यंत जातात. हलक्या वर्गातली २०२० ची सिट्रोएन अॅमी हे चांगलं उदाहरण, फ्रान्समध्ये ती १४ वर्षांची मुलंसुद्धा चालवतात, अर्थात त्यासाठी वेगळं साधं लायसन्स लागतं. लांबी २.४१ मीटर, म्हणजे दोन गाड्या एकामागे एक लावल्या तरी ५ मीटरच्या आत बसतात. बॅटरी साडेपाच युनिटची, मोटर ६ किलोवॅटची, एका चार्जमध्ये कंपनीच्या हिशेबाने ७५ किमी. हिचे दरवाजे मला फार आवडतात. डावा आणि उजवा दरवाजा एकच पार्ट आहे, तोच उचलून दुसऱ्या बाजूला लावलाय, त्यामुळे एका बाजूचा दरवाजा नेहमीसारखा उघडतो आणि दुसऱ्या बाजूचा उलटा, मागे बिजागरी असलेला. पुढचा आणि मागचा बंपरही तसाच, एकाच साच्यातला. काचा खाली जात नाहीत, खालचा अर्धा भाग हाताने वर दुमडायचा. विचित्र दिसतं पण साचे कमी म्हणजे खर्च कमी, कंजूषपणा करावा तर असा.

आता एवढ्याशा बॅटरीवर ती चालते कशी ते बघू, कारण सगळी गंमत वजनात आहे. सपाट रस्त्यावर एकसारख्या स्पीडने जाताना गाडीला दोनच गोष्टींशी भांडायचं असतं, टायरचं घर्षण आणि हवा. अॅमी बॅटरीसकट ४८५ किलो, त्यात दोन माणसं धरली की साधारण ६३५ किलो. टायरचा विरोध हा वजनाच्या एक-सव्वा टक्का असतो, म्हणजे इथे साडेसात किलोच्या ओझ्याइतका, ७५ न्यूटन. ताशी ४५ ला हवेचा विरोधही जवळपास तेवढाच निघतो. दोन्ही मिळून १५०, गुणिले सेकंदाला साडेबारा मीटर, उत्तर येतं २ किलोवॅटच्या आतबाहेर. म्हणजे आपल्या बाथरूममधला गिझर जेवढी वीज खातो तेवढ्यात दोन माणसं ४५ च्या स्पीडने निघाली! चार्जिंगलाही गिझरचाच १६ अँपियरचा प्लग पुरतो, तीन तासांत फुल. मोटर आणि कंट्रोलरमध्ये (मोटरला वीज मोजून देणारा भाग) वाया जाणारं धरून किलोमीटरला ७० वॅट-तासांच्या आसपास खर्च येतो (१००० वॅट-तास म्हणजे १ युनिट), मोठ्या इलेक्ट्रिक एसयूव्हीला याच्या दुपटीहून जास्त लागतं. इलेक्ट्रिक स्कूटरला मात्र निम्म्याहून कमी, हे पण सांगायला पाहिजे, नाहीतर हिशेब अर्धवट राहतो.

गोव्यात सपाट रस्ता किती, हा प्रश्न लगेच येणार. पणजीतून आल्तिनोवर जा, मळ्यातून वर चढा, पर्वरीला जा, सगळीकडे चढ. इथे हवा बाजूला राहते आणि सगळा भार वजनावर येतो. १० मीटर पुढे गेल्यावर १ मीटर वर नेणारा चढ धरा. ६३५ किलोला तो चढ साधारण ६२० न्यूटनने मागे ओढतो, त्यात टायरचे ७५, झाले ७०० च्या जवळ. ६ किलोवॅटच्या मोटरमधून चाकापर्यंत ५ पोचले तर स्पीड उरतो ताशी २५ किमी. चढेल, नक्की चढेल, पण मागे कदंबा बस असेल तर तिचा हॉर्न ऐकत चढेल. वीज मात्र फार जात नाही. ५० मीटर उंच चढायला हिशेबाने ०.०९ युनिटही पुरे लागत नाही, वर थोडं मोटरचं नुकसान, आणि उतरताना मोटर उलटी जनरेटर होऊन त्यातलं थोडंफार परत बॅटरीत टाकते. त्यामुळे चढ बघून रेंजची काळजी करायची गरज नाही, काळजी करायची ती एसीची.

वजन कमी केलं की टायरचा खर्च कमी होतो, चढाचा कमी होतो, बॅटरी लहान होते, लहान बॅटरीमुळे वजन आणखी कमी होतं, असं हे चांगलं चक्र आहे, पण आत बसलेला माणूस काही लहान होत नाही आणि मे महिन्यातला घाम पण लहान होत नाही. छोट्या केबिनलाही एसी लावला तर तो १ किलोवॅटच्या आसपास खाणार आणि त्याचं मीटर किलोमीटरवर नाही, तासावर चालतं. ४५ युनिटच्या बॅटरीवाल्या मोठ्या गाडीत तासभर एसी लावला तर २ टक्के जातात, साडेपाच युनिटमध्ये तोच तासभर एसी १८ टक्के खाऊन टाकतो. शहरात सिग्नल, खोदकाम, ट्रॅफिक धरून सरासरी स्पीड ताशी २० पडला तर किलोमीटरमागे एसीचेच ५० वॅट-तास होतात, चालायचे ७०, म्हणजे ७५ किमीची रेंज ४५ च्या आसपास येऊन थांबते. फोंड्याहून पणजीला येऊन परत जायचं म्हणजे ६० किमी. गेलं की नाही गणित? म्हणूनच अॅमीत एसी दिलेलाच नाही, युरोपात चालून जातं.

आपल्याकडे एसी नसेल तर दुसरी भानगड, पावसाळ्यात काच आतून धुरकटते. बाहेर धो धो पाऊस, आत दोन माणसांचा श्वास आणि ओल्या छत्र्या, पाच मिनिटांत समोरचं दिसेनासं होतं, काच उघडावी तर पाऊस आत. एसी हवा थंड करताना तिच्यातलं पाणी काढून घेतो म्हणून काच साफ होते, नुसत्या पंख्याने इथल्या दमट हवेत ते काम धडपणे होत नाही. २०१२ ची रेनॉची ट्विझी तर मूळ मॉडेलमध्ये बाजूच्या काचांशिवायच यायची, ती आपल्या पावसात चालवायची म्हणजे रेनकोट घालूनच. बॅटरीत पाणी जाण्याची लोकांना जेवढी भीती वाटते तेवढी गरज नाही, तिथे आयपी६७ हे रेटिंग बघायचं, म्हणजे १ मीटर पाण्यात अर्धा तास बुडाली तरी आत थेंब जाऊ नये. समुद्राच्या खाऱ्या हवेत बाहेरचे कनेक्टर आणि चेसिसचे बोल्ट गंजतात, तिकडे लक्ष पाहिजे.

दुसरी न लहान होणारी गोष्ट म्हणजे समोरून येणारी गाडी. अॅमी आणि १६०० किलोची एसयूव्ही, दोघी ताशी ४० ने समोरासमोर धडकल्या आणि एकमेकींत अडकल्या असं धरा. शाळेतला संवेगाचा नियम लावला तर दोन्ही मिळून एसयूव्हीच्या दिशेने ताशी १७ किमीने सरकतात. एसयूव्हीतल्या माणसाचा स्पीड ४० वरून १७ झाला, फरक २३. छोटीतल्या माणसाचा ४० वरून उलटा १७, फरक ५७. हा सगळा बदल डोळ्याची पापणी लवायच्या आत होतो आणि तो झेलायला पुढे बॉनेटच नाही. कारला लागू असणाऱ्या क्रॅश टेस्ट युरोपात या गाड्यांना सक्तीच्या नाहीत. गाड्यांची सेफ्टी तपासणाऱ्या युरो एनकॅप या संस्थेने स्वतःहून ताशी ५० च्या टेस्ट घेतल्या, २०१४ मध्ये ट्विझीला दोन स्टार मिळाले, २०१६ मध्ये आपल्या बजाज क्यूटला एक. बंगळूरची छोटी इलेक्ट्रिक गाडी रेवा लंडनमध्ये जी-विझ नावाने क्वाड्रिसायकल म्हणूनच विकली जायची, कंजेशन चार्ज (शहराच्या गर्दीच्या भागात गाडी नेण्याचे पैसे) माफ म्हणून लोकांनी हौसेने घेतली आणि सेफ्टीवरून टीकाही भरपूर झाली. गल्लीबोळात, जिथे सगळेच ३० ने चाललेत, तिथे ठीक, पण नव्या झुआरी पुलावर ट्रकांच्या मधून ४५ ने जायचं म्हणजे मी तरी जाणार नाही.

आपल्याकडे ही कॅटेगरी आली ती क्यूटमुळे. २०१२ ला गाडी दाखवली, छत्रपती संभाजीनगरजवळ (पूर्वीचं औरंगाबाद) वाळूजला बनते, २१६ सीसी इंजिन, टॉप स्पीड ७०, पण खासगी वापराला परवानगी मिळायला २०१८ चा नोव्हेंबर उजाडला, आणि ती पेट्रोल-सीएनजीवर. इलेक्ट्रिकमध्ये पुण्याची वायवे इव्हा आहे, २०२५ च्या जानेवारीत किंमत जाहीर झाली, पुढे एक आणि मागे दोन असं बसायचं, छपरावर सोलर पॅनेल. कंपनी म्हणते उन्हावर दिवसाला १० किमीपर्यंत मिळतात, छपराएवढ्या पॅनेलला ते अशक्य नाही पण त्यासाठी गाडी उन्हात उभी करावी लागेल आणि मग आत बसायच्या आधी तापलेली केबिन थंड करायला एसी, आलं ना परत तेच. एमजी कॉमेट दिसायला याच जातीची वाटते पण ती नियमाने पूर्ण कार आहे, लांबी ३ मीटरच्या आत असली तरी बॅटरी १७.३ युनिटची, चार सीट, एअरबॅग, एसी सगळं. गोव्यातल्या हवेत मला तीच जास्त पटते, किंमत परवडत असेल तर.

शेजारचे काका रिटायर झाल्यापासून विचारतायत, "अरे, ती छोटी घेऊ काय रे, फक्त बाजार आणि देऊळ?" त्यांना म्हटलं काका, बाजार आणि देवळासाठी झकास आहे, पण शोरूमला गेलात की तीन गोष्टी विचारा. एसी लावून रेंज किती, दोन माणसं बसवून किती टक्के चढ चढते, आणि मोटरची पॉवर सांगतील ती दोन मिनिटांची आहे की सलग अर्धा तास टिकणारी. शेवटच्या प्रश्नाला सेल्समन बहुतेक गडबडतो, कारण जाहिरातीत असतो तो पीक आकडा आणि चढावर मोटर तापली की कंट्रोलर स्वतःच पॉवर कमी करतो. काकू आतून म्हणाल्या चवथीला माटोळीचं (गणपतीच्या वर टांगायच्या फळांचं) सामान कुठे ठेवणार यात. अॅमीसारखीत पायाशी एक केबिन बॅग राहते, तेवढीच. त्या दिवशी काकांना मुलाची गाडी मागावी लागेल.