पत्ता नाही, आधार नाही: बेघर बाईला गर्भनिरोधन, गर्भपात आणि बाळंतपणासाठी नेमकं काय लागतं

पुलाखाली, स्टेशनच्या आवारात किंवा फुटपाथवर राहणारी बाई सरकारी दवाखान्यातून परत येते तेव्हा बहुतेक वेळा तिला एकच सांगितलेलं असतं: "आधी आधार घेऊन या." पाळी चुकून दोन महिने झालेल्या बाईला आधारच्या रांगेत घालवलेला प्रत्येक आठवडा महागात पडतो. म्हणून सुरुवातीलाच सांगते. गर्भनिरोधक साधनं, गर्भपात आणि बाळंतपण या सेवांसाठी रहिवासाचा पुरावा ही अट नाही. आधार आणि बँक खातं लागतं ते अनुदानाचे पैसे मिळवण्यासाठी. खिडकीवर या दोन गोष्टींची सर्रास गल्लत होते आणि त्यात बाईचे दिवस वर जातात. तिच्यासोबत जाणाऱ्याने हा फरक डोक्यात पक्का ठेवावा.

केस पेपर

केस पेपरवर नाव, वय आणि पत्ता विचारतात. ती जिथे झोपते तीच जागा पत्ता म्हणून सांगायची: "बस डेपोमागे, उड्डाणपुलाखाली", आणि सोबत वॉर्ड. निवारा केंद्रात राहत असेल तर केंद्राचा पत्ता द्यायचा. वयाचा कागद नसेल तर अंदाजे वय चालतं. बऱ्याच ओपीडीत आता मोबाईलवरून कोड स्कॅन करून टोकन घ्यायला सांगतात. त्यासाठीचं आभा कार्ड (आरोग्याचं डिजिटल ओळखपत्र) ऐच्छिक आहे, नसेल तर साधा केस पेपर मागा.

महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांमध्ये १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण, उपजिल्हा, जिल्हा आणि स्त्री रुग्णालयं त्यात येतात. महापालिकेचे दवाखाने आणि वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं या निर्णयात नाहीत. तिथे पैसे मागितले तर समाजसेवा अधीक्षकांना भेटा. मोठ्या रुग्णालयात त्यांची वेगळी खोली असते आणि निराधार रुग्णाच्या फी माफीचा अर्ज तेच पुढे पाठवतात.

पाळणा लांबवायचा असेल तर

निरोध, माला-एन, छाया गोळी, तातडीची गोळी, अंतरा इंजेक्शन आणि तांबी (कॉपर-टी) हे सगळं सरकारी केंद्रात मोफत मिळतं. लग्न झालेलं असण्याची किंवा नवऱ्याच्या सहीची अट नाही. फक्त रस्त्यावर राहणाऱ्या बाईला यातलं काय झेपेल, याचा विचार फार कमी वेळा होतो. त्यावर थोडं सविस्तर.

माला-एन रोज घ्यावी लागते. पावसात बोचकं भिजतं, अतिक्रमण हटवणारी गाडी सामानासकट पिशवी उचलून नेते आणि गोळ्यांचं पाकीट त्यातच जातं. छाया आठवड्याची गोळी आहे, पण पहिले तीन महिने ती आठवड्यातून दोनदा घ्यायची असते, आणि वार लक्षात ठेवणं सोपं नाही. म्हणून अशा बाईसमोर मी अंतरा आणि तांबीचा पर्याय आधी ठेवते. निवड अर्थात तिचीच.

अंतरा दर तीन महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन आहे. ठरलेल्या तारखेच्या दोन आठवडे आधीपासून चार आठवडे नंतरपर्यंत पुढचा डोस घेता येतो. रोज जागा बदलणाऱ्या बाईसाठी ही सवलत मोठी आहे. पहिल्या डोसच्या वेळी तारखांचं कार्ड देतात. ते हरवणार हे गृहीत धरा, त्याचा फोटो काढून ठेवा आणि तारीख तुमच्याकडेही लिहून ठेवा. या इंजेक्शनाने सुरुवातीला मधेच रक्तस्राव होतो आणि पुढे पाळी बंदही होऊ शकते. हे आधी सांगितलं नाही तर बाई घाबरून दुसऱ्या डोसला येत नाही. तांबी बसवली तर प्रकारानुसार पाच किंवा दहा वर्षं काळजी नाही, सांभाळायला कागदही नाही. पण पहिले काही महिने पाळीत अंगावरून जास्त जातं. धुवायला पाणी आणि बदलायला आडोसा नसलेल्या बाईला हे स्पष्ट सांगून मगच निर्णय घेऊ द्यावा.

तातडीची गोळी संबंधानंतर ७२ तासांच्या आत घ्यायची, जितकी लवकर तितकी चांगली. आशा सेविकेकडेही ती असते.

गर्भपात

वैद्यकीय गर्भपाताचा कायदा १९७१ चा आहे आणि २०२१ मध्ये त्यात महत्त्वाचे बदल झाले. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. २० ते २४ आठवड्यांसाठी दोन डॉक्टरांचं मत लागतं आणि ही मुभा ठरावीक स्त्रियांना आहे: लैंगिक अत्याचार झालेली, अल्पवयीन, गरोदरपणात विधवा किंवा घटस्फोटित झालेली, अपंग, मानसिक आजार असलेली, गर्भात व्यंग आढळलेली, आणि सरकारने जाहीर केलेल्या आपत्तीत सापडलेली. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रियांनाही यात धरलं. जोडीदाराने सोडून दिल्यामुळे परिस्थिती बदललेली बाईही यात बसू शकते, असा अर्थ त्या निकालातून निघतो. गर्भात गंभीर व्यंग असेल तर २४ आठवड्यांनंतरही वैद्यकीय मंडळ परवानगी देऊ शकतं. बाईचा जीव वाचवण्यासाठी तातडीने करावा लागणारा गर्भपात या मुदतींत अडकत नाही.

पुढे चालू राहिलेल्या गरोदरपणाने बाईच्या तब्येतीला किती धोका आहे हे ठरवताना तिची आजची आणि पुढे दिसणारी परिस्थिती विचारात घेता येते, असं कायद्यातच लिहिलं आहे. डोक्यावर छप्पर नसणं ही अशीच परिस्थिती आहे. डॉक्टरांशी बोलताना हे आवर्जून मांडा.

कागद म्हणाल तर एकच, संमतीचा 'सी' नमुना. त्यात बाई स्वतःचं नाव, अंदाजे वय, कायमचा पत्ता आणि सध्या कुठे राहते ते लिहून देते. सही येत नसेल तर अंगठा. १८ वर्षांवरील बाईला नवरा, आई, भाऊ, सासू यांपैकी कोणाचीही संमती लागत नाही. नातेवाईकाची सही किंवा जादा पुरावे मागणं म्हणजे कायद्याबाहेरच्या अटी घालणं आहे, असं २०२२ च्या त्याच निकालात म्हटलं आहे. तिचं नाव गुप्त ठेवणं बंधनकारक आहे आणि ते फोडणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

नऊ आठवड्यांपर्यंत गोळ्यांनी गर्भपात होतो. पहिल्या दिवशी एक औषध, तिसऱ्या दिवशी दुसरं आणि पंधराव्या दिवशी तपासणी. पण गोळ्यांनंतर आठवडाभर किंवा त्याहून जास्त दिवस रक्तस्राव होतो. संडासाला जायचीच पंचाईत असलेल्या बाईला गोळ्या देऊन "जा" म्हणणं मला क्रूर वाटतं. दाखल करून घ्या किंवा पिशवी साफ करण्याचा पर्याय द्या, अशी विनंती स्पष्ट शब्दांत करा. मेडिकलमधून कोणीतरी आणून दिलेल्या गोळ्या रस्त्यावर घेतल्या आणि अंगावरून थांबेना, तर १०८ ला फोन करा. आधी कोणी काय केलं याचा जाब न देता उपचार मिळणं हा तिचा हक्क आहे.

मुलगी १८ च्या आतली असेल तर पालकाची लेखी संमती लागते आणि रुग्णालयाला पोक्सो (मुलांवरील लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) खाली पोलिसांना कळवावं लागतं. मात्र मुलीने किंवा पालकाने विनंती केली तर पोलिसांना कळवताना डॉक्टरने तिचं नाव उघड करायची गरज नाही. अत्याचार झालेल्या कोणत्याही बाईवर सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने ताबडतोब मोफत उपचार करायचे आहेत. तक्रार नोंदवली नाही म्हणून उपचार अडवता येत नाहीत.

ऑपरेशनचा आग्रह

याबाबत सावध राहा. "हिचं ऑपरेशनच करून टाका" असं पोलीस, निवाऱ्याचे कर्मचारी आणि कधी कधी भल्या मनाची माणसंही सहज बोलून जातात. कुटुंब नियोजनाच्या ऑपरेशनसाठी सरकारी निकष आहेत: वय २२ ते ४९, लग्न झालेलं, आणि किमान एक मूल वर्षापेक्षा मोठं. ही माहिती बाईच्या स्वतःच्या सांगण्यावरून भरतात, नवऱ्याची संमती लागत नाही. पण तिची स्वतःची, समजून दिलेली संमती नसेल तर काहीही होऊ शकत नाही. अपंग व्यक्ती हक्क कायदा २०१६ नुसार अपंग व्यक्तीच्या मोकळ्या संमतीशिवाय मूल न होण्याची कोणतीही शस्त्रक्रिया करता येत नाही. बौद्धिक अपंगत्व असलेल्या, सरकारी संस्थेत राहणाऱ्या एका तरुणीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्येच तिच्या इच्छेविरुद्ध गर्भपात करायला नकार दिला होता. ऑपरेशनच्या टेबलावर किंवा बाळंतपणाच्या कळा चालू असताना घेतलेला अंगठा कोणी संमती म्हणून दाखवत असेल, तर तिथेच हरकत घ्या.

बाळंतपण

जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून आहे. सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण आणि नेण्या-आणण्याची गाडी हे सगळं त्यात मोफत आहे. गाडीसाठी १०२ किंवा १०८. दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायकांची मोफत तपासणी होते, तिथे माता-बाल संरक्षण कार्ड काढून घ्या. एका बेघर तरुणीला झाडाखाली बाळंत व्हावं लागलं, त्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये कडक निकाल दिला होता. गरिबीचा पुरावा गोळा करत फिरण्याची वेळ गरोदर बाईवर येता कामा नये, हा त्याचा गाभा. बाळंतपणानंतर ४८ तासांत तांबी बसवता येते, पण त्याबद्दल आधीच्या तपासणीतच बोलून ठेवायला हवं.

पैसे आणि आधार

मातृ वंदना योजनेचे पहिल्या बाळासाठीचे ५,००० रुपये आणि जननी सुरक्षा योजनेची रक्कम बँक खात्यात जमा होते. तिथे मात्र कागद लागतात. कायमचं घर नसलेल्यांच्या आधार नोंदणीसाठी खास व्यवस्था करायला कायदाच सांगतो. मान्यताप्राप्त निवारागृहाच्या प्रमुखाने ठरलेल्या नमुन्यात दिलेलं प्रमाणपत्र त्यासाठी चालतं. हे काम सवडीने करा, उपचार त्यासाठी थांबवू नका.

अडवलं तर

"लेखी द्या" एवढं म्हटलं तरी खिडकीवरचा सूर बऱ्याचदा बदलतो. नाहीच बदलला तर वैद्यकीय अधीक्षक, मग जिल्हा शल्यचिकित्सक किंवा महापालिकेचे आरोग्य अधिकारी. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात कोणत्याही स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, फोन १५१००. महिला हेल्पलाइन १८१.

बाळाचा जन्मदाखला

रुग्णालयात जन्म झाला तर नोंद कळवण्याची जबाबदारी रुग्णालयाची असते आणि २१ दिवसांच्या आत ती विनाशुल्क होते. घरी सोडण्याआधी आईचं नाव बरोबर लिहिलंय का ते वाचून घ्या. वडिलांचं नाव द्यायचं नसेल तर एकट्या आईकडून फक्त प्रतिज्ञापत्र घेऊन दाखला द्यावा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये सांगितलं आहे. दाखल्याची एक प्रत निवारा केंद्रात किंवा तिचा विश्वास असलेल्या माणसाकडे ठेवा.