'पाण्याची गोळी' पाण्याला हात पण लावत नाही

आमच्या आजीला हार्टचा त्रास, पायावर अंगठा दाबला की खड्डा पडायचा आणि बराच वेळ तसाच राहायचा. डॉक्टरांनी लॅसिक्स चालू केली, घरात तिचं नाव पडलं पाण्याची गोळी. सकाळी गोळी, तासाभरात बाथरूमच्या फेऱ्या, त्यामुळे कुठे लग्नाला जायचं असलं की त्या दिवशीची गोळी गुपचूप उशीखाली! सगळ्यांना वाटतं ही गोळी अंगातलं पाणी पिळून काढते. तसं काही नसतं, ती अडवते मीठ.

किडनी दिवसाला साधारण 180 लिटर पाणी गाळते आणि लघवी होते जेमतेम दीड-दोन लिटर, बाकीचं परत रक्तात. त्यासाठी किडनी मीठ ओढते, पाणी त्याच्या मागे येतं. आता गंमत बघा, किडनीच्या बारीक नळीला हेअरपिनसारखं एक वळण असतं, हेन्लेचा लूप, त्याच्या वर चढणाऱ्या जाड भागात एक प्रोटीन एका खेपेत एक सोडियम, एक पोटॅशियम आणि दोन क्लोराइड असे चार प्रवासी आत घेतं. गाळलेल्या मिठातलं जवळपास 25 टक्के इथे परत येतं, पण इथली भिंत पाण्याला वाटच देत नाही, म्हणून किडनीचा आतला भाग खारट होत जातो, आणि पुढची नळी त्याच खारट भागातून जाताना पाणी तिकडे ओढलं जातं. लॅसिक्स त्या प्रोटीनमध्ये क्लोराइडच्या जागी जाऊन बसते. खेप बंद. मीठ नळीतच राहतं, वर तो खारटपणाही उतरतो, मग पाणी परत येणार कशाला?

आणि हे औषध काम करतं नळीच्या आतून, पण रक्तात ते 95 टक्क्यांहून जास्त अल्ब्युमिन या रक्तातल्या मोठ्या प्रोटीनला चिकटलेलं, म्हणजे गाळणीतून जवळपास जातच नाही. मग नळीच्या सुरुवातीच्या पेशी त्याला कचरा समजून रक्तातून उचलतात आणि स्वतःच नळीत टाकतात! किडनी कमजोर असली की हीच ढकलाढकली मंदावते, म्हणून डोस वाढवावा लागतो.

नळीच्या पुढच्या भागात जादा पोचलेल्या सोडियमच्या बदल्यात पोटॅशियम लघवीत जातं, पायात गोळे येतात ते कधीकधी यामुळे, म्हणून रक्त तपासायला सांगतात.

बारीक व्हायला या गोळ्या घेणाऱ्यांची चरबी एक ग्रॅम जात नाही, फक्त काट्यावर पाणी कमी दिसतं. शेन वॉर्न 2003 च्या वर्ल्ड कपमधून परत गेला तो अशाच पाण्याच्या गोळीपायी, आईने दिली म्हणाला, तरी वर्षभर बॅन.

लॅसिक्सचा जोर साधारण सहा तास. तो उतरला की किडनी हावरटासारखी मीठ धरून ठेवते, आणि आमची आजी नेमकी रात्रीच्या जेवणात दोन पापड आणि लोणच्याची फोड घेऊन बसलेली.