थोरांची क्रमवारी कोण लावतो?

इतिहासातली सर्वांत कर्तबगार माणसे कोण, हा प्रश्न निघाला की नावांवरून वाद होतो. मोजायचे कशाने, यावर फारसे कुणी बोलत नाही. वास्तविक दोन हजार वर्षांत नावांपेक्षा मोजपट्टीच जास्त वेळा बदलली आहे.

चीनमध्ये इसवी सनाच्या पहिल्या शतकात बान गू याने हान घराण्याचा इतिहास लिहायला घेतला. त्यात माणसांचा एक तक्ताच आहे. पुराणकाळापासून हानच्या आधीच्या चिन राजवटीपर्यंतची सुमारे २,००० माणसे नऊ प्रतींत, म्हणजे दर्जांत, विभागलेली, सर्वांत वर ज्ञानी पुरुष आणि तळाशी मूर्ख. तक्त्याच्या नावात 'आताची माणसे'ही आहेत, पण हान काळातला एकही माणूस आत नाही. आपल्याच राज्यकर्त्यांना प्रत लावण्याची जोखीम कोण घेणार? बान गू इ. स. ९२ मध्ये तुरुंगात मेला आणि अपुरी राहिलेली कोष्टके पुरी करण्याचे काम त्याची बहीण बान झाओ हिच्याकडे आले. या तक्त्यात कन्फ्यूशियस पहिल्या प्रतीत आहे, ताओ मताचा आद्य गुरू लाओत्झ चौथ्या. आठव्या शतकात तांग सम्राट श्वानझोंग याला हे रुचले नाही, कारण तांग घराणे स्वतःला लाओत्झचे वंशज म्हणवत असे. हुकूम निघाला आणि लाओत्झ वरच्या प्रतीत गेला.

युरोपात बान गूच्याच सुमारास ग्रीक लेखक प्लुटार्क ग्रीक आणि रोमन पुरुषांच्या जोड्या लावून चरित्रे लिहीत होता. अलेक्झांडरसमोर सीझर, डेमोस्थेनीससमोर सिसेरो. त्याला पहिला-दुसरा क्रमांक द्यायचा नव्हता. मोठ्या लढाईपेक्षा एखाद्या थट्टेतून माणसाचा स्वभाव अधिक कळतो, असे तो मानत असे आणि वाचकाने कसे जगावे हा त्याचा खरा विषय होता. मध्ययुगात यादी आटोपशीर झाली. चौदाव्या शतकाच्या आरंभी एका फ्रेंच काव्यातून 'नऊ वीर' रूढ झाले: हेक्टर, अलेक्झांडर, सीझर, जोशुआ, डेव्हिड, जुडास मॅकाबियस, आर्थर, शार्लमेन आणि पहिल्या धर्मयुद्धाचा नेता गोदफ्रॉय. तीन मूर्तिपूजक, तीन ज्यू, तीन ख्रिस्ती, आणि सगळेच तलवारबहाद्दर. आर्थर राजा प्रत्यक्ष होऊन गेला की नाही याची कुणाला फिकीर नव्हती.

निवड ही सरकारी बाब झाली ती फ्रेंच राज्यक्रांतीत. एप्रिल १७९१ मध्ये लोकप्रिय वक्ता मिराबो वारला आणि राष्ट्रीय सभेने पॅरिसमधले नवे, जेमतेम पुरे झालेले सेंट जेनेव्हिएव्हचे चर्च थोर पुरुषांची समाधी म्हणून ठरवून टाकले. दर्शनी भागावर 'थोर पुरुषांना, कृतज्ञ मातृभूमीकडून' असा लेख आला. पहिला मान मिराबोचा. त्यानंतर तीन महिन्यांत व्होल्तेर. पण राजाशी असलेला मिराबोचा गुप्त पत्रव्यवहार उघड झाला आणि १७९४ मध्ये त्याचे अवशेष बाहेर काढून क्रांतिकारक पत्रकार मारा याला आत आणले. वारे पुन्हा फिरले, १७९५ मध्ये मारालाही बाहेरचा रस्ता दाखवण्यात आला. थोरपण मंजूर करणारी सभा ते रद्दही करू शकते, हे जगाला इथे पहिल्यांदा इतके उघड दिसले. त्या लेखातला 'पुरुष' हा शब्द पुढे दोनशे वर्षे जवळजवळ शब्दशः पाळला गेला. १९०७ मध्ये सोफी बेर्तेलो आत गेल्या त्या पतीच्या सोबतीने. स्वतःच्या कामगिरीवर तिथे पोहोचलेली पहिली स्त्री मारी क्युरी, आणि तेही १९९५ मध्ये.

बव्हेरियाचा राजा पहिला लुडविग याने डॅन्यूबकाठी रेगन्सबुर्गजवळ जर्मन थोरांसाठी संगमरवरी मंदिर उभारले. १८४२ मध्ये ते उघडले तेव्हा आत मार्टिन लूथर नव्हता. राजा कॅथलिक होता, यापलीकडे वेगळे कारण शोधायची गरज नाही. लूथरचा अर्धपुतळा १८४८ मध्ये आला. आइनस्टाइनला १९९० पर्यंत वाट पाहावी लागली.

फ्रेंच तत्त्वज्ञ ऑग्युस्त कोंत याची कल्पना मात्र मला सर्वांत मजेशीर वाटते. १८४९ मध्ये त्याने एक पंचांगच मांडले. २८ दिवसांचा एक, असे १३ महिने, आणि प्रत्येक महिन्याला एका थोराचे नाव: मोझेस, होमर, अॅरिस्टॉटल, आर्किमिडीज असे करत शेवटी शरीरशास्त्रज्ञ बिशा. संतांच्या जागी रोज एक कर्तबगार माणूस. मोझेसच्या महिन्यातले रविवार बुद्ध, कन्फ्यूशियस आणि मुहम्मद यांच्या वाट्याला आले, म्हणजे निदान आशियाची दखल तरी घेतली गेली. हिशेबात उरलेला ३६५ वा दिवस सर्व मृतांचा. स्त्रियांसाठी खास सण होता, पण तो फक्त लीप वर्षी.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात थोरपण मोजता येते, या समजुतीने जोर धरला. इंग्रज संशोधक गाल्टन याने १८६९ मध्ये प्रतिभा रक्तातून उतरते हे दाखवण्यासाठी नामवंतांच्या वंशावळी तपासल्या. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स कॅटेल याने १९०३ मध्ये त्याहून साधी युक्ती काढली: इंग्रजी, फ्रेंच, जर्मन आणि अमेरिकी चरित्रकोशांत कुणाला किती जागा दिली आहे ते मोजायचे. त्यातून १,००० नावे निघाली. पहिला नेपोलियन, दुसरा शेक्सपिअर, तिसरे मुहम्मद, चौथा व्होल्तेर. हजारांत स्त्रिया ३२, आणि त्यांतल्या ११ जन्माने राण्या, हे कॅटेलनेच नोंदवले आहे. कोशकारांना कुणाविषयी किती लिहावेसे वाटले याचा हा हिशेब होता. कर्तृत्वाचा नव्हे. पण एकदा आकडा छापला की त्याला वजन येते. १९२६ मध्ये कॅथरिन कॉक्स यांनी याच यादीतून ३०१ जण घेऊन त्यांच्या बालपणाच्या नोंदींवरून बुद्ध्यांक काढले. ज्यांच्या लहानपणाची नोंदच विरळ, त्यांचा आकडा घसरला. लोहाराचा मुलगा फॅरडे आणि कोपर्निकस यांना पहिल्या अंदाजात १०५ मिळाले!

तेव्हापासून चाललेला घोळ कीर्ती, प्रभाव आणि कर्तृत्व यांच्यातला आहे. निदान त्यातले एक टोक अमेरिकी लेखक मायकेल हार्ट यांनी १९७८ मध्ये सोडवले. आपण थोर नव्हे तर सर्वांत प्रभावी १०० माणसे निवडतो आहोत, असे त्यांनी आधीच सांगितले. म्हणूनच त्यांच्या यादीत हिटलरही बसला. पहिल्या स्थानी प्रेषित मुहम्मद, दुसऱ्या स्थानी न्यूटन, तिसऱ्या स्थानी येशू. ख्रिस्ती धर्माच्या प्रसाराचे श्रेय येशू आणि पॉल यांच्यात वाटले जाते, हा त्यांचा युक्तिवाद. सातव्या स्थानी कागदाशी ज्याचे नाव जोडले जाते तो त्साय लुन, गुटेनबर्गच्याही वर. सहमत व्हा अथवा नका होऊ, कारणे समोर असल्याने भांडता येते. १९९२ च्या आवृत्तीत हार्ट यांनी शेक्सपिअरच्या जागी त्याच काळातला इंग्रज सरदार एडवर्ड डी व्हेर याचे नाव घातले, कारण नाटके त्यानेच लिहिली असे त्यांचे मत झाले होते. अभ्यासक हे मानत नाहीत. यादीकर्त्याची लहर यादीत कशी शिरते, याचा यापेक्षा चांगला नमुना मिळणार नाही.

मग दूरचित्रवाणीने निवड लोकांच्या हाती दिली. २००२ मध्ये बीबीसीने सर्वांत थोर ब्रिटिश कोण, यावर मतदान घेतले. चर्चिल पहिला, अभियंता ब्रुनेल दुसरा, राजकन्या डायना तिसरी. डार्विन, शेक्सपिअर आणि न्यूटन त्यांच्या मागे. ब्रुनेलच्या नावाने एक विद्यापीठ आहे आणि तिथल्या विद्यार्थ्यांनी जोरदार प्रचार केला होता. कार्यक्रमाचा साचा देशोदेशी गेला. जर्मनीने नाझींना यादीतून आधीच वगळले. पोर्तुगालने वगळले नाही, आणि २००७ मध्ये तिथे हुकूमशहा सालाझार ४१ टक्के मते घेऊन पहिला आला. दुसरा कुन्याल, सालाझारच्या राजवटीने वर्षानुवर्षे तुरुंगात ठेवलेला कम्युनिस्ट नेता. तिसरा सौझा मेंदेश, १९४० मध्ये सालाझारचा आदेश मोडून बोर्दो इथे निर्वासितांना व्हिसा देणारा पोर्तुगीज वाणिज्यदूत. छळणारा आणि त्याला विरोध करणारे एकाच यादीत शेजारी बसले. त्या निकालात इतिहास किती होता आणि २००७ मधली नाराजी किती, हे वेगळे करता येत नाही.

संगणकाने कॅटेलचीच पद्धत मोठ्या प्रमाणावर परत आणली. कोशातल्या ओळींच्या जागी विकिपीडियाची पाने, किती भाषांत लेख आहेत आणि किती जण ते वाचतात, हे आले. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या एका प्रकल्पाने २५ हून अधिक भाषांत लेख असलेल्यांचीच नोंद घेतली. वेग वाढला, पण मोजले जाते ते स्मरणच. ज्यांच्या भाषेत लिहिणारे थोडे, ते इथेही मागे राहतात.

शिवाय यादीला एकच नाव लागते, ही अडचण कोणत्याही पट्टीने सुटत नाही. देवीच्या लसीचा जेनर हार्ट यांच्या यादीत आहे. १७९६ मधले त्याचे काम मोठे होतेच. पण देवी पृथ्वीवरून गेली ती १९५८ मध्ये सोव्हिएत शास्त्रज्ञ झ्दानोव्ह यांनी जागतिक आरोग्य सभेत प्रस्ताव मांडल्यावर, अमेरिकी डॉक्टर हेंडरसन यांच्या नेतृत्वाखालच्या मोहिमेत, आणि दारोदार फिरून रुग्ण शोधणाऱ्या असंख्य कार्यकर्त्यांमुळे. १९७७ मध्ये सोमालियात शेवटचा नैसर्गिक रुग्ण सापडला, १९८० मध्ये निर्मूलन जाहीर झाले. विज्ञानातल्या पुढच्या कामांचे तर विचारूच नका: हिग्ज कणाच्या वस्तुमानाविषयीच्या २०१५ मधल्या एका शोधनिबंधावर ५,१५४ लेखकांची नावे आहेत, आणि नोबेलचा नियम एका पारितोषिकात तिघांपेक्षा जास्त वाटेकरी मानत नाही.