मंगळागौर : देवघरातून रंगमंचाकडे

मंगळागौर हे नवविवाहितेने लग्नानंतरची पहिली पाच वर्षे श्रावणातल्या मंगळवारी करायचे गौरीचे व्रत. पूर्वी ते मुख्यतः ब्राह्मण व आणखी काही जातींच्या घरांत रूढ होते. सकाळी इतर नव्या सुनांना बरोबर घेऊन षोडशोपचार पूजा, सोळा प्रकारची पत्री, कहाणी, मुक्याने जेवण. रात्री आरती आणि मग जागरण. पाचव्या वर्षी उद्यापन करून आईला वाण देतात.

या व्रताचा खरा जीव जागरणात होता. एकोणिसाव्या शतकात पूजेला बसणारी ‘सून’ बहुधा आठ-दहा वर्षांची पोर असे. एरवी सासरी मान वर करायची सोय नाही; त्या रात्री मात्र फुगडी, झिम्मा, पिंगा, सूप नाचवणे असे खेळ पहाटेपर्यंत चालत. सासू-सुनेच्या भांडणाचा तर खेळच होता. मनात साठलेले सासूच्या देखत बोलून टाकायची मुभा तिला एवढीच, म्हणून हे जागरण केवळ करमणूक मानणे अन्यायाचे आहे.

1929 च्या शारदा कायद्याने मुलींच्या लग्नाचे किमान वय 14 केले, 1978 च्या दुरुस्तीने ते 18 वर गेले. शिक्षण, नोकरी आणि एकत्र कुटुंबांची फाटाफूट यांनी उरलेले काम केले. पाच वर्षांचे व्रत पुष्कळ ठिकाणी पहिल्याच वर्षी उद्यापन करून संपवतात. मंगळवारी रजा मिळत नाही, म्हणून पूजा त्या दिवशी आणि खेळ शनिवार-रविवारी, हेही सर्रास चालते. परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांत तर बहुधा असेच.

पूजा आखडली, खेळ मात्र वाढले. बिदागी घेऊन खेळ सादर करणारे महिलांचे गट मुंबई, पुणे, ठाणे, नाशिकसारख्या शहरांत आहेत. सभागृह, ध्वनिवर्धक, शिवलेली नऊवारी, स्पर्धा आणि बक्षिसे हा त्यांचा सरंजाम. पूर्वी जी खेळत होती, ती आता पुष्कळदा खुर्चीत बसून पाहते, ही हानी आहेच. पण या गटांत पन्नाशी-साठीच्या बायका दम लागेपर्यंत फुगड्या घालतात, आणि तिथे कोणी जात किंवा सौभाग्य विचारत नाही, हे मोल मोठे आहे. पूजेच्या पाटावर मात्र बहुतेक घरांत आजही सवाष्णीलाच जागा आहे.