कुळे : सरहद्द बंद झाली तेव्हाचं स्टेशन

२९ सप्टेंबर १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहिया दुसऱ्यांदा गोव्यात आले, तेव्हा पोर्तुगीज पोलिसांना त्यांच्या मागावर फिरावं लागलं नाही. गोव्याच्या स्वातंत्र्यासाठी घेतलेली १८ जूनची मडगावची सभा होऊन तीन महिने उलटले होते. लोहिया आगगाडीने आले आणि घाटाच्या पायथ्याच्या कुळे स्टेशनवरच पकडले गेले. तिथून त्यांची रवानगी आग्वादच्या किल्ल्यात झाली. घाट उतरून आलेली गाडी कुळ्याला तपासली जाई. वर कॅसलरॉकला इंग्रजांची चौकी आणि खाली कुळ्याला पोर्तुगीजांची, अशी ती सरहद्द होती. दूधसागरला जायला कुळ्यात उतरून जीप गाठणाऱ्यांना हे सांगावंसं वाटतं, कारण हे स्टेशन एकेकाळी सरहद्दीचं होतं.

हा रेल्वेमार्ग आखला गेला तो मुरगाव बंदरासाठी. बंदर खोल आणि सुरक्षित होतं, पण सह्याद्रीपलीकडचा माल तिथवर आणायला वाट नव्हती. २६ डिसेंबर १८७८ रोजी इंग्लंड आणि पोर्तुगाल यांच्यात करार झाला आणि त्यातून मार्गाला गती मिळाली. या कराराची दुसरी बाजू मात्र रेल्वेच्या गोष्टीत फारशी सांगितली जात नाही. ती मिठाची आहे. गोव्याच्या मिठावरचं नियंत्रण इंग्रजांच्या हाती गेलं आणि त्याबदल्यात पोर्तुगीज सरकारला वर्षाला ४ लाख रुपये मिळू लागले. रेल्वे बांधणाऱ्या लंडनच्या कंपनीला व्याजाची हमी होती आणि त्या हमीला या रकमेचा आधार होता. म्हणजे रुळांचं मोल गोव्यातल्या मिठागरांनीही चुकवलं. हा करार १८९२ मध्ये संपला; रूळ राहिले.

मुरगाव ते सावर्डे हा सपाटीचा भाग जानेवारी १८८७ मध्ये सुरू झाला. पुढचा घाट अवघड होता. पोर्तुगालच्या राजघराण्यावरून त्याला ब्रागांझा घाट म्हणत. ३७ फूट पुढे गेलं की एक फूट वर, इतका खडा चढ, त्यात बोगदे, पूल आणि सह्याद्रीचा पाऊस. फेब्रुवारी १८८८ मध्ये गाडी कॅसलरॉकपर्यंत जाऊ लागली. चढाच्या पायथ्याचं स्टेशन ते कुळे.

बंदरासाठी बांधलेल्या या गाडीला माणसांनी आपलं करून घेतलं. मुंबईला पोटापाण्यासाठी गेलेला गोंयकार लोंढा, बेळगाव, मिरज करत पुण्याला पोचायचा आणि तिथे मीटरगेजची (अरुंद रुळांची) गाडी सोडून मोठ्या गाडीत चढायचा. चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, घरी यायचं तर हाच प्रवास उलटा, आणि शेवटी कुळ्याला ट्रंक उघडून दाखवणं आलंच. गोव्याच्या बाजूचा मार्ग १९०२ पासून सदर्न मराठा रेल्वे चालवत होती. रूळ एका सलग धाग्याचे, फक्त झेंडे दोन.

हा धागा १९५५ मध्ये तुटला. १५ ऑगस्टला गोवामुक्तीसाठी सत्याग्रही सरहद्द ओलांडून आत शिरले, पोर्तुगीजांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या आणि वीसहून अधिक जण हुतात्मे झाले. भारताने आर्थिक नाकेबंदी कडक केली आणि घाटातून येणारी गाडी थांबली. घाटावरून येणारं धान्य आणि भाजीपाला बंद झाल्यावर गोव्यात हॉलंडचे बटाटे, सिलोनचा चहा आणि जपानचं सिमेंट उतरू लागलं. त्याच वर्षी दाबोळीचा विमानतळ सुरू झाला आणि कराचीशी विमानवाहतूक जोडली गेली. बेळगाव घाटापलीकडे हाताच्या अंतरावर असताना गोव्याचा रस्ता कराचीवरून जात होता. ज्या घरांतली अर्धी माणसं मुंबईत होती, त्यांच्यासाठी ही वर्षं किती लांब झाली असतील, याचा विचार मनातून जात नाही.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि पुढच्याच वर्षी घाटातून पुन्हा गाड्या सुरू झाल्या. जकात गेली, चौकी गेली आणि त्याबरोबर कुळ्याचं महत्त्वही ओसरलं. तपासणीसाठी गाडी थांबवण्याचं कारण उरलं नाही. नव्वदच्या दशकात मीटरगेज काढून रुंद रूळ टाकले गेले. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली आणि मुंबईची गर्दी मडगावकडे वळली.

घाटाचं काम मात्र संपलं नाही. पूर्वी इथून खनिज बंदराकडे उतरे. आता मुरगावला उतरलेला कोळसा कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांकडे चढतो. त्यासाठी दुसरा रूळ हवा, असा आग्रह धरला गेला. मोलेच्या अभयारण्यातून तो नको म्हणून गोव्यातली माणसं रस्त्यावर आली. नोव्हेंबर २०२० मध्ये याच मार्गावरच्या चांदर गावात रात्रभर लोक रुळांवर बसले. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वन्यजीव मंडळाच्या समितीने दिलेली मंजुरी रद्द केली. ती मंजुरी होती तिनईघाट, कॅसलरॉक ते कुळे याच टप्प्यासाठी.